वकिलांनी पॉडकास्ट काढावा का? आलेली पत्रं आणि उत्तरं

या वेळी पत्रं वकिलांचीच जास्त आली, आणि जवळपास सगळ्यांचा विषय एकच. पॉडकास्ट काढायचा का, आणि काढला तर पक्षकार येतील का. आत्ताच हा विषय का निघाला तेही कळतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सांगली सातारासकट सहा जिल्हे तिकडे जोडले गेले, मुंबईची खेप वाचली, आणि तरुण वकिलांना वाटायला लागलं की आता इथं बसूनही मोठं काम करता येईल, फक्त आपण लोकांना माहीत व्हायला पाहिजे. मी स्वतः वकिली करते आणि त्याआधी रेडिओवर नैमित्तिक निवेदक म्हणून बोललेय, त्यामुळे माईक आणि कोर्ट दोन्ही जवळचे. सगळी पत्रं छापता येत नाहीत, निवडक घेतलीत, नाव कुणाचंच दिलेलं नाही.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): नमस्कार ताई. विजयनगरच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो, वकिलीची सनद घेऊन चार वर्षं झाली. सीनियरकडून बाहेर पडून स्वतःचं ऑफिस टाकलंय, भाडं सुरू झालं पण पक्षकार मोजकेच. यूट्यूबवर अमेरिकेतल्या मार्केटिंगवाल्यांचे व्हिडिओ बघितले, ते म्हणतात लॉ फर्मसाठी पॉडकास्टसारखं साधन नाही. इकडे बार असोसिएशनमधले वकील मित्र म्हणतात असलं काही केलंस तर सनद जाईल. खरं काय धरायचं?

उत्तर: अमेरिकेतला सल्ला अमेरिकेच्या कायद्यावर उभा आहे हे आधी लक्षात घ्या. तिकडेही पूर्वी वकिलांना जाहिरातीची बंदी होती. मग ॲरिझोनातल्या बेट्स आणि ओस्टीन या दोन वकिलांनी फिनिक्सच्या एका पेपरात आपल्या फीचे दर छापले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने कोर्टाने सांगितलं की अशी जाहिरात सरसकट बंद करता येणार नाही, ते बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं. तेव्हापासून तिकडे खोटी किंवा फसवी नसेल तर वकिलाची जाहिरात चालते. म्हणून तिथला माणूस एपिसोडच्या शेवटी बिनधास्त म्हणतो की आमच्या फर्मला फोन करा, पहिला सल्ला फुकट.

ते वाक्य तुम्ही सांगलीत बसून बोललात तर थेट बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांचे नियम करणारी देशपातळीवरची संस्था, तिच्या नियम ३६ मध्ये अडकता. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली केलेला हा नियम आहे, आणि तो सांगतो की वकिलाने काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही, सरळ नाही आणि आडवाटेनेही नाही. पत्रकं, दलाल, ओळखीपाळखीशिवाय घेतलेल्या भेटी, आपण चालवत असलेल्या केसबद्दल पेपरात छापून आणलेल्या बातम्या आणि फोटो, सगळं त्यात आलं. पाटी किती मोठी लावायची, तिच्यावर अमुक कामातला स्पेशालिस्ट असं लिहायचं नाही, इथपर्यंत तो नियम जातो. २००८ मध्ये थोडी ढील मिळाली, वेबसाईट ठेवता येते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कुठल्या राज्याच्या बार कौन्सिलला नोंद आहे ते, शिक्षण आणि कुठल्या प्रकारची कामं करता, एवढंच. मोडलं तर त्याच ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाई, त्यात ताकीद, काही काळ सनद स्थगित, आणि शेवटचं म्हणजे रोलवरून, वकिलांच्या यादीतून, नावच काढणं.

आणि हा नियम कागदावरच पडून आहे असं समजू नका. मद्रास हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये वकिलांच्या ऑनलाईन जाहिरातींवर कडक निकाल दिला, बार कौन्सिलने त्यावरून राज्यांच्या कौन्सिलना कारवाई करायला सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा सोशल मीडियावरच्या प्रमोशनल व्हिडिओंबद्दल आणि नटनट्या, इन्फ्लुएन्सर वापरण्याबद्दल इशारा दिला.

तुमचे मित्र इथपर्यंत बरोबर आहेत. पण त्याच नियमावलीत पुढे नियम ५१ आहे, तो फार कमी वकील उघडून वाचतात. तो म्हणतो की जाहिरातीच्या नियमाला आणि पूर्णवेळ नोकरीच्या नियमाला धरून वकील प्रक्षेपण, पत्रकारिता, व्याख्यानं आणि शिकवणं हे करू शकतो, विषय कायद्याचा असो नाहीतर दुसरा. प्रक्षेपण म्हणजे ब्रॉडकास्टिंग, शब्दच आहे तिथं! पॉडकास्ट त्यातच बसतो असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे बोलायला बंदी नाही, बोलून गिऱ्हाईक ओढायला बंदी आहे.

मग रेषा कुठं? मी अशी धरते. 'मी ॲडव्होकेट अमुक, सांगलीत प्रॅक्टिस करतो, आज आपण चेक बाऊन्सबद्दल बोलू' हे चालेल. 'सांगलीतले चेक बाऊन्सचे नंबर वन वकील' हे नाही. जिंकलेल्या केसेस सांगायच्या नाहीत, पक्षकारांना बोलावून 'साहेबांनी वाचवलं' असं म्हणवून घ्यायचं नाही, फी सांगायची नाही, फोन नंबर एपिसोडमध्ये वाचायचा नाही, पैसे देऊन पोस्ट पळवायची नाही. एपिसोडखाली वर्णनात लिहायचंच असेल तर वेबसाईटला जेवढी माहिती चालते तेवढीच ठेवा, त्याच्या पलीकडे जाऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न, पक्षकार येतील का. पहिल्या महिन्यात नाही. भाडं भागवायला म्हणून काढणार असाल तर काढू नका हे मी मनापासून सांगते, कारण मग तिसऱ्या एपिसोडला तुमचा धीर सुटेल आणि तुम्ही नको ते बोलायला लागाल. पण अमेरिकेतल्या सल्ल्यात एक गोष्ट आहे ती नियम न मोडता घेता येते, आणि ती ऐकणाऱ्याच्या निवडीची आहे. तिकडे ज्यांचं चाललं त्यांनी सगळ्यांसाठी सगळं केलं नाही, एकच धंदा, एकच गाव, एकाच प्रकारची माणसं धरली. तुम्ही फक्त बेदाणा आणि हळदीच्या व्यवहारातले कायदे एवढाच विषय धरलात तरी वर्षभर पुरेल. ऐकणारे तीनशेच असतील, पण ते सगळे मार्केट यार्डातले, कोल्ड स्टोरेजवाले, अडते, बागायतदार असतील, आणि ज्या दिवशी त्यातल्या कुणाला अडचण येईल त्या दिवशी समजावून सांगणारा आवाज त्याच्या ओळखीचा असेल. तो स्वतः शोधत आला तर त्यात तुम्ही काम मागितलेलं नाही.

प्रश्न (तासगाव): ताई, मी दिवाणी कामं करते. पॉडकास्ट काढायची फार इच्छा आहे पण विषय कसे निवडू, किती मिनिटं बोलू आणि भाषा कोर्टाची ठेवू की घरातली? ग्रामीण भागातल्या बायकांनी ऐकावं असं वाटतं.

उत्तर: हे पत्र वाचून खूप बरं वाटलं. तुम्ही ऐकणारी कोण ते आधी ठरवलंय, अर्धं काम तिथंच झालं.

विषय पुस्तकात शोधू नका, तुमच्या ऑफिसच्या बाकावर शोधा. समोर बसून बाई पहिलं वाक्य काय बोलते ते वहीत लिहून ठेवा, जसंच्या तसं. 'भावानं सही मागितलीय, द्यावी का?' हाच एपिसोडचा मथळा. त्याचं नाव 'हक्कसोडपत्र आणि हिंदू उत्तराधिकार कायदा' ठेवलंत तर ती ऐकणार नाही, कारण तिला माहीतच नाही की तिच्या प्रश्नाला हे म्हणतात. मग आत सगळं सांगा. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच जन्मतः हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायला पाहिजेत का यावर बरीच वर्षं गोंधळ होता, तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्माच्या निकालात मिटवला, हयात असण्याची गरज नाही. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी झालेलं किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं वाटप उकरता येत नाही हेही त्याच दमात सांगा, नाहीतर ऐकणारी उगाच आशा धरून भावाशी भांडण काढेल. आणि हक्कसोडपत्र ही नुसती सही नाही, नोंदणी झाली की हक्क गेला, राखीपौर्णिमेच्या ओवाळणीत होण्यासारखं ते काम नाही, वाचल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका, हे स्वच्छ शब्दांत बोला. एवढं एका एपिसोडला भरपूर झालं.

दुसरा विषय तुमच्याच तालुक्याचा. बेदाणा विकला, व्यापाऱ्याने चेक दिला, तो परत आला. इथं लोकांचं नुकसान कायद्यामुळे होत नाही, तारखा चुकल्यामुळे होतं, म्हणून एपिसोडभर तारखाच बोला. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून व्यापाऱ्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तुम्ही ज्या शाखेतल्या तुमच्या खात्यात चेक भरला तिथल्या कोर्टात केस चालते, म्हणजे व्यापारी परराज्यातला असला तरी तिकडे हेलपाटे घालायला नकोत. हे शेवटचं वाक्य ऐकून कित्येक शेतकऱ्यांचा जीव भांड्यात पडेल, कारण निम्मे लोक 'लांब जावं लागंल' म्हणूनच पैसे सोडून देतात.

फेरफार, सातबारा, हे तर हवंच. सातबारा म्हणजे मालकीचा कागद नव्हे, तो महसुलाचा रेकॉर्ड आहे, आणि फेरफाराची नोटीस आली की हरकतीला १५ दिवस असतात, हे दोन मुद्दे दर दोन महिन्यांनी पुन्हा सांगितले तरी चालतील. अशा एपिसोडला पाहुणा बोलवा, निवृत्त मंडळ अधिकारी किंवा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेला मोजणीदार, ते जे बारकावे सांगतात ते आपल्याला सनद घेऊनही माहीत नसतात.

मिनिटं पंधरा ते वीस. रेडिओवर मी एक शिकले की माणूस हाताला काम असताना ऐकतो, शेडवर बेदाणा निवडताना, एसटीत, भाकरी थापताना, त्यामुळे कान तुमच्याकडे असतो पण लक्ष निम्मं. म्हणून महत्त्वाची गोष्ट एकदा सुरुवातीला, एकदा मध्ये आणि एकदा जाताना. कलमांचे नंबर कमीत कमी. भाषा घरातली, तुमची तासगावची, ती पुण्याची करायला जाऊ नका. फक्त जे शब्द कोर्टात किंवा चावडीत तिच्या कानावर पडणार आहेत, म्हणजे वाद-प्रतिवाद, मनाई हुकूम, कैफियत, ते तसेच वापरा आणि तिथल्या तिथं सोपं करून सांगा.

प्रश्न (मिरज): माझा छोटा स्टुडिओ आहे, गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि लग्नाचं काम. वकिलांसाठी पॅकेज काढायचा विचार आहे, महिन्याला चार एपिसोड, रील्स, फेसबुकवर बूस्ट, आणि त्यातून पक्षकार आला तर त्याच्या फीचे दहा टक्के मला. दोघं तयार आहेत, तिसरा म्हणाला तू मला गोत्यात आणशील.

उत्तर: तिसऱ्याचं ऐका. आणि दादा, गोत्यात तुम्ही पण याल.

वकिलाला आपल्या फीचा वाटा वकील नसलेल्या कुणालाही देता येत नाही, तसा नियमच आहे. आणि वकिलाकडून मोबदला घेऊन त्याला काम आणून देणाऱ्याला कायदा दलाल म्हणतो. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-अ आलं, त्यात अशा दलालांच्या याद्या कोर्टाने लावायची तरतूद आहे आणि यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद. दहा टक्क्यांसाठी कशाला हे ओढवून घ्यायचं. बूस्ट म्हणजे पैसे देऊन केलेली जाहिरात, ते पॅकेजमधून पूर्ण काढा. रील्स करायच्या तर माहितीचा तुकडा म्हणून, मागे दणदणीत म्युझिक आणि काळा कोट घालून गाडीतून उतरतानाचं स्लो मोशन असलं काही नको.

उरलेलं काम मात्र चोख आहे आणि त्याची गरज आहे. रेकॉर्डिंग, एडिटिंग, आवाज स्वच्छ करणं, अपलोड करणं, याचे ठरलेले पैसे बिल देऊन घ्या. अकाउंट आणि फीड (ज्या लिंकवरून एपिसोड वेगवेगळ्या ॲप्सवर जातात ती) वकिलाच्या ईमेलवर उघडा, तुमच्या नाही, उद्या काम थांबलं तर त्यांचे एपिसोड त्यांच्याकडे राहिले पाहिजेत, नाहीतर त्यावरून भांडणं होतात.

सुरुवातीला सिनेमाचं गाणं लावू नका. तीस सेकंदांपर्यंत चालतं अशी एक समजूत सगळीकडे आहे, कॉपीराईट ॲक्टमध्ये असं कुठंही नाही. तुम्ही तर मिरजेत आहात! सतारी आणि तंबोरे घडवणारं गाव, वाजवणारे दाराशी. कुणाकडून तरी दहा सेकंदांची नवी धून वाजवून घ्या, मानधन द्या, वापरायची लेखी परवानगी घ्या. असा सूर राज्यात दुसऱ्या कुठल्या पॉडकास्टला नसेल.

प्रश्न (विटा): मी बऱ्याच वर्षांपासून वकिली करतो. पूर्वी पक्षकार नाव विचारत यायचा, वकिलाने तोंड उघडायचं ते कोर्टापुढे. आता ज्युनियर मंडळी मोबाईलपुढे बोलत बसतात. याने पेशाची अब्रू जाते असं मला वाटतं. तुम्ही याला उत्तेजन का देता?

उत्तर: सर, नमस्कार. रील्सबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. 'पोलिसांनी अडवलं तर हे एक वाक्य बोला' असल्या व्हिडिओंवर विश्वास ठेवून पोरं हुज्जत घालतात आणि अंगावर गुन्हा घेऊन घरी येतात. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले तरी कितीतरी जणांच्या व्हिडिओत अजून जुनीच कलमं फिरतायत.

पण तोंड फक्त कोर्टापुढे उघडायचं, याच्याशी मी सहमत नाही. जाहिरातबंदी आपल्याकडे इंग्लंडच्या वकिली रीतीतून आली, आणि तिथल्या सॉलिसिटरनाही १९८४ पासून जाहिरातीची मोकळीक आहे. आपण ती बंदी ठेवली, मला ती ठेवलेली योग्यच वाटते, कारण आपल्याकडे ज्याच्याजवळ पैसा त्याचंच नाव गावभर दिसेल आणि खरा अभ्यासू माणूस मागे पडेल. मात्र आपण गप्प बसलो की ती जागा रिकामी राहत नाही सर. तिथं कायद्याचं एक पान न वाचलेला माणूस येऊन बोलतो आणि लोक त्याचं ऐकतात, कारण तो मराठीत बोलतो आणि मोबाईलवर सापडतो. आकाशवाणीवर जाऊन कायदा समजावून सांगणाऱ्या वकिलांची अब्रू कधी कमी झाली नाही, उलट लोक त्यांना मानायचे.

तुम्हाला एक विनंती करते. जुनी खरेदीखतं, मोडीतले दस्त, कूळकायद्याची प्रकरणं, हे तुमच्या पिढीने हाताळलंय आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते वाचताही येत नाही. तुमच्याच ज्युनियरच्या मोबाईलपुढे बसून त्यावर बोला. पक्षकार मिळवायचा प्रश्नच नाही तुम्हाला, त्यामुळे तुमच्या तोंडून ते सगळ्यात स्वच्छ येईल.

प्रश्न (जत तालुका): मी वकील नाही. माझी घटस्फोटाची केस ज्यांनी चालवली त्या वकिलांनी पॉडकास्टमध्ये 'एका केसमध्ये असं झालं' म्हणून माझी सगळी हकीकत सांगितली. नाव घेतलं नाही, पण नवऱ्याची नोकरी, सासरची द्राक्षबाग, दोन मुली, सगळं सांगितलं. गावात सगळ्यांनी ओळखलं. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरतेय. काय करू?

उत्तर: ताई, हे तुमच्याबाबतीत व्हायला नको होतं. नाव घेतलं नाही म्हणून ते सुटत नाहीत.

पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आधीच्या कायद्यात ते १२६ होतं, आणि केस संपली म्हणून ते बंधन संपत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ तर सांगतं की अशा केसेस बंद दरवाज्याआड चालवायच्या आणि त्यातला मजकूर प्रसिद्ध करायचा नाही. त्यातला दंड जुना आहे, एक हजार रुपयांपर्यंत, पण तुमच्या बाजूने ठामपणे उभं राहायला कायद्याचा आधार आहे एवढं कळलं तरी बळ येतं.

आधी क्लिप आणि एपिसोड स्वतःकडे सेव्ह करा, तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग वकिलांना लेखी कळवा की एपिसोड तात्काळ काढा. त्यांनी मूळ जागेवरून काढला की ज्या ॲप्सवर फीडने जातो तिथूनही तो काही वेळात जातो. लोकांनी डाऊनलोड केलेल्या क्लिप मात्र परत घेता येत नाहीत, म्हणून दिवस घालवू नका. ऐकलं नाही तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे कलम ३५ खाली तक्रार करता येते. तिथल्या शिस्तपालन समितीने एका वर्षात निकाल द्यायचा असतो, नाही दिला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ग्राहक कोर्टात मात्र जाऊ नका, वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलंय.

आणि हे पत्र वाचणाऱ्या वकिलांना सांगते. गाव लहान असतं. पुण्यामुंबईत नाव बदलून चालत असेल, जतमध्ये बागेचं नाव न घेता नुसती दिशा सांगितली तरी माणूस ओळखला जातो. स्वतःच्या केसची हकीकत सांगूच नका. उदाहरण पाहिजे तर छापून आलेल्या निकालातून घ्या, तेही पक्षकारांची नावं टाळून, नाहीतर सरळ काल्पनिक आहे असं सांगून रचा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही बोलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. चालू केसमध्ये कोर्ट काय करेल यावरही बोलायचं नाही.

प्रश्न (सातारा, कायद्याची विद्यार्थिनी): मी शेवटच्या वर्षाला आहे. मला सनद नाही, मग मला नियम ३६ लागू होतो का?

उत्तर: सनद मिळेपर्यंत नाही. पण जुने एपिसोड सनद मिळाल्यावरही तिथंच असतात, तेव्हा आत्तापासूनच त्या शिस्तीत करा. स्वतःला वकील म्हणवून घेऊ नका, कुणाच्या वैयक्तिक प्रकरणात सल्ला देऊ नका. शिकताय ते मोठ्याने शिका, ऐकायला आवडेल.

प्रश्न (पलूस): सामान काय लागतं? पन्नास हजारांचं बजेट सांगितलंय दुकानदाराने.

उत्तर: नका घालवू. मोबाईल आणि बरा कॉलर माईक यावर सुरुवात होते, एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. आवाज खोलीमुळे बिघडतो, माईकमुळे त्यामानाने कमी. पत्र्याखाली आणि रिकाम्या हॉलमध्ये घुमतो, तुमच्या ऑफिसमध्ये लॉ रिपोर्टरची, म्हणजे निकालांच्या पुस्तकांची, कपाटं भरलेली असतील तर तीच खोली उत्तम. पंखा बंद, लाईट गेल्यावर शेजारचा जनरेटर चालू होतो त्या वेळा टाळा. माईक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला ठेवा म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही. फाईल मोनोमध्ये ६४ केबीपीएसला काढली तर वीस मिनिटांचा एपिसोड साधारण दहा एमबीत बसतो, बोलण्याला तेवढी क्वालिटी पुरते. आपल्याकडे लोक स्पॉटिफायवर कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त ऐकतात, तेव्हा फाईल हलकी ठेवणं फार गरजेचं आहे.

प्रश्न (कवठे महांकाळ): सहा महिने झाले पॉडकास्ट सुरू करून, प्रतिसाद चांगला आहे. पण लोक कमेंटमध्ये स्वतःच्या केसची सगळी माहिती टाकतात, नंबर मागतात, काही जणांकडे तर फीला पैसेच नसतात. नाही म्हणवत नाही आणि हो म्हटलं तर नियमाची भीती.

उत्तर: कमेंटमध्ये केसवर एक अक्षर बोलू नका. तिथं समोरचा पक्ष पण वाचतोय, आणि कागद न बघता दिलेला सल्ला तुमच्याच अंगाशी येईल. एक ठरलेलं उत्तर लिहून ठेवा, 'तुमची माहिती इथं टाकू नका, ती काढून टाका, कागद घेऊन तुमच्या वकिलांना भेटा', आणि शक्य असेल तर ती कमेंट लपवा. स्वतःहून इनबॉक्समध्ये जाऊन 'मला फोन करा' म्हणणं हे काम मागणं झालं, ते नको. त्याने तुमचं नाव बघून वेबसाईटवरचा पत्ता शोधला आणि ऑफिसला आला तर तो आपल्या पायाने आलेला पक्षकार आहे, खुशाल बसवा.

पैसे नसणाऱ्यांसाठी प्रत्येक एपिसोडच्या शेवटी एक गोष्ट न चुकता सांगत जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला, मुलांना, अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला, अपंग व्यक्तीला, कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिथं उत्पन्न बघत नाहीत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. आणि आपल्या जिल्ह्याला लागू पडणारी गोष्ट अशी की पुराने किंवा दुष्काळाने होरपळलेला माणूसही त्याच कलमात आहे, म्हणजे २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलेली माणसं असोत नाहीतर पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसणारी तुमच्या भागातली. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत नाहीतर सांगलीला जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणात करायचा, आणि फोनवर विचारायचं असेल तर १५१००. हा नंबर मात्र एपिसोडमध्ये दोनदा वाचा, सावकाश, आकडा आकडा सुटा करून.